कशासाठी तपासायचं

जीप बागेच्या दगडी गडग्यापाशी थांबली आणि तिच्यातून चार शास्त्रं उतरली.

पुढच्या सीटवरून कीटकशास्त्र उतरलं, गळ्यात भिंग अडकवून. मागच्या दारातून वनस्पतिरोगशास्त्र उतरलं. त्यांना दापोलीपासूनची वळणं बाधली होती, त्यामुळे ते आधी थोडा वेळ गडग्याच्या चिऱ्यांना धरून उभे राहिले. त्यांच्यामागून लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून संख्याशास्त्र आलं, वयानं सगळ्यांत लहान, नाव ऋत्विक. आणि शेवटी मृदाशास्त्र. डॉ. शमिका. त्यांच्या हातात कमरेएवढं लोखंडी गिरमिट होतं, जमिनीत पिळत नेऊन खोलवरची माती वर काढायचं.

ते गिरमिट पाहिलं आणि बागेच्या दारात उभा असलेला परशुराम एक पाऊल मागं सरला.

"काका, बघा, अख्खं कॉलेज उचलून आणलंय!" मनस्विनी म्हणाली. ती परशुरामच्या चुलत भावाची, विनोदची, मुलगी. कृषी महाविद्यालयात शिकत होती आणि आपल्या घरची कलमं वाळताहेत हे तिनं सरांना आणि मॅडमना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी त्यांना यावंच लागलं. "आता कारण सापडल्याशिवाय कोणाला परत पाठवणार नाही मी."

"फार बरं केलंस हो," परशुराम म्हणाला. हे वाक्य तो आदल्या दिवसापासून घोकत होता.

कलमं वाळत होती हे खरंच होतं. सुरुवात शेंड्यांकडून झाली. मग डेरेदार, हिरवीगार हापूसची झाडं एका पावसाळ्यात म्हातारी दिसायला लागली. पालवी फुटायची ती आखूड, झुपक्यासारखी, पानं एकमेकांना बिलगलेली, जशी झाडाला हुडहुडी भरलीय. गावाकडे कारणांचा तुटवडा नव्हता. कोणी हवामान म्हणे, कोणी मोबाइलचा टॉवर, कोणी म्हणे बागेचा राखणदार देव कोपलाय. परशुराम सगळ्यांच्या म्हणण्यावर मान डोलवायचा. हायस्कूलमध्ये जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस टॉवरवर मान डोलावतो याचं कोणाला नवल वाटलं नाही. कलमं कशानं वाळताहेत ते त्याला ठाऊक होतं. त्याच्यामुळे वाळत होती.

बाग दोघा भावांची सामायिक. आजोबांनी झाडं वाटली नाहीत, वर्षं वाटली. एक वर्ष वरच्या घराचं, म्हणजे विनोदचं. पुढलं खालच्या घराचं, म्हणजे परशुरामचं. ज्याचं वर्ष त्याची मशागत, त्याची राखण, त्याचे आंबे. व्यवस्था अगदी न्यायाची होती. फक्त हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढल्या वर्षी विश्रांती घेतो, हे आजोबांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि थोरल्या मुलावर, विनोदच्या वडिलांवर, त्यांचा जीव जास्त असेल. काही असो, वरच्या घराच्या वाट्याला कायम भरलेलं वर्ष आलं आणि खालच्या घराच्या वाट्याला कायम विश्रांती.

मग बाजारात मोहोराचं औषध आलं. पावसाळ्यात खोडाभोवती चर मारून मातीत ओतायचं. झाड वाढायचं विसरतं आणि मोहोर धरतं. दोघांच्या वडिलांनी तेव्हा ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शपथ घेतली की सामायिक कलमांना हे औषध कोणी घालायचं नाही. पुढं वडील गेले. शपथ राहिली.

परशुरामनं निवृत्त झाल्यावर आलेल्या पहिल्याच रिकाम्या वर्षी औषध घातलं. दुकानदार म्हणाला होता, सर, वर्षाआड घाला, मधल्या वर्षी झाड सावरतं. परशुरामला हे शास्त्रीय वाटलं, कारण त्याचं वर्ष वर्षाआडच येत होतं. तेव्हापासून तो आपल्या वर्षी भर पावसात, धाकू राखण्या गावात गेलेला असताना, एकटाच औषध घालत आला. याही ऑगस्टमध्ये घातलं. डबे लपवण्यापूर्वी त्यानं ते विहिरीच्या काठावर घासून घासून धुतले होते, वाससुद्धा मागं राहू नये म्हणून.

ही एक गोष्ट बाहेर आली असती तर बाग तुटली असती. गावात सामायिक बागांचे खटले कोर्टात पिढ्यान् पिढ्या चालतात. या दोघा भावांचं मात्र उदाहरण देतात. विनोद चारचौघांत सांगायचा, "आमचा परशू आहे म्हणून निर्धास्त आहे हो मी." परशुरामला ते ऐकून घाम फुटायचा.

आता विनोददादा स्वतः छत्री टेकत पुढं झाला आणि पाहुण्यांना कलमांकडे घेऊन गेला.

कीटकशास्त्रानं पहिल्याच खोडापाशी बैठक मारली. बुंध्याशी भुसा पडला होता. त्यांनी एका भोकात तार सारली, फिरवली, आणि जाड, पांढरी, चिडलेली अळी बाहेर ओढली.

"खोडकिडा," ते म्हणाले. "संपला विषय."

परशुरामला इतका आनंद झाला की त्या अळीला पेढा भरवावासा वाटला.

"संपला कसा?" वनस्पतिरोगशास्त्र आता सावरलं होतं. त्यांनी चाकूनं एका फांदीची साल सोलली. आत तपकिरी चट्टा होता. "ही फांदीमर. बुरशी आहे. तुमची अळी नंतर आली."

"बुरशी अशक्त झाडाला लागते."

"अळीसुद्धा अशक्तच झाड बघते."

"मग झाड अशक्त कशानं झालं?" दोघांनी एकदमच विचारलं, आणि हा प्रश्न आपल्या खात्यातला नाही हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"तुमच्यातलं घरी ठरवून यायचंत हो," विनोद म्हणाला. "आम्ही सख्खेसुद्धा नाही, पण इतकं भांडत नाही."

सगळे हसले. परशुरामही हसला. त्याची इच्छा एवढीच होती की हे भांडण संध्याकाळपर्यंत टिकावं.

पण ऋत्विक भांडणात नव्हता. तो एका चिऱ्यावर बसून विनोददादाला कुठल्या हंगामात किती पेट्या निघाल्या ते विचारत होता. विनोदला सगळे हंगाम पाठ होते. आंबेवाल्याला मुलांचे वाढदिवस आठवत नाहीत, पेट्या आठवतात. ऋत्विकनं आकडे भरले आणि लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला.

"हे बघा. इथपर्यंत करवतीचे दात. वर, खाली, वर, खाली. हापूस असाच वागतो. आणि इथून पुढं सपाट. दरवर्षी पीक. विश्रांतीचं वर्षच नाही." त्यानं मान वर केली. "हापूस आपण होऊन असं करत नाही, काका."

"देवाची कृपा," परशुराम म्हणाला.

"देवाचीच कृपा," विनोदही लगेच म्हणाला.

"कृपा नक्की कोणत्या वर्षी सुरू झाली?"

या मुलाला संख्याशास्त्रात कोणी पाठवलं, पोलिसांत का नाही पाठवलं, असं परशुरामला वाटलं. "हवामान बदललं ना, त्या सुमारास," तो म्हणाला, आणि आपला आवाज इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांपुढं व्हायचा तसा झालाय हे त्याच्याच ध्यानात आलं.

डॉ. शमिकांनी गिरमिट उचललं तसा धाकू आडवा आला. तो या बागेचा राखण्या. झाडांइतकाच बागेतल्या अदृश्य मालकाचाही नोकर.

"थांबा बाई. राखणदाराच्या जागेत लोखंड घालताय, आधी गाऱ्हाणं घातलं पायजे."

"घाला की," शमिका म्हणाल्या आणि चपला काढून उभ्या राहिल्या.

धाकूनं मोठ्या कलमाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, हात जोडले आणि गावाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "बा म्हाराजा! आज ही शिकलेली मानसं तुझ्या दारात आलीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. रीतच आहे, म्हणावं लागतं.

"त्यांच्या हाताला यश दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"या कलमांना ज्यानं कोनी दुखावलं असंल, जानता का अजानता, त्याला तुझ्या पायापाशी आन म्हाराजा!"

परशुरामनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. गिरमिटाची भीती त्याला समजत होती. तिला सूत्र होतं, यंत्र होतं, अहवाल होता. ही भीती वेगळीच होती, लहानपणची, बिनसूत्राची. शेजारी विनोददादाला नेमका त्याच वेळी खोकल्याचा ठसका लागला. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत कीटकशास्त्राचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

गिरमिट कुरकुरत आत गेलं. शमिकांनी बुंध्यापाशी माती काढली, मग लांबून काढली, पिशव्यांवर खुणा केल्या. मग एक फांदी खाली वाकवून त्या बराच वेळ पानांकडे बघत राहिल्या.

"पेरं फार जवळ आलीत हो. मोहोराचं औषध घालता का तुम्ही?"

इतका सरळ प्रश्न. परशुरामला वाटलं, पायाखालचा कातळ दुभंगला.

"छे छे!" विनोद म्हणाला. "शपथ आहे आमच्यात. देवापुढची."

"नाही, नाही," परशुराम म्हणाला.

"मग ती तपासणी नको," शमिका सहज म्हणाल्या. "त्याचं यंत्र वेगळं, ते लांब पाठवावं लागतं. आणि नाव सांगूनच शोधावं लागतं. 'यात काय आहे ते बघा' असं म्हटलं की यंत्र काही बोलत नाही. कशासाठी तपासायचं ते माणसानं सांगायचं असतं."

परशुराम सुटला. खरोखर सुटला. एवढी शास्त्रं आली आणि त्याच्या दारावरून पुढं गेली, कारण त्यांना कोणी हाक मारली नाही. छातीवरचा चिरा कोणी उचलल्यासारखं वाटलं त्याला.

मग शमिका वळल्या आणि उताराकडे बघत म्हणाल्या, "इथं ओतलेलं पाणी कुठं जातं?"

"कातळ आहे," मनस्विनी म्हणाली. "वरून घट्ट, आतून चाळण. सगळं खाली झिरपतं."

"खाली काय आहे?"

"विहीर. आमची दोन्ही घरं तिचंच पाणी पितात."

तेवढ्यात स्वानंदी आली. परशुरामची मुलगी. सातवा महिना. गणपतीला आली ती राहिलीच, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून. एका हातात कोकम सरबताच्या पेल्यांचा ट्रे, दुसरा हात कमरेवर. "घ्या हो सगळ्यांनी. फ्रीजचं नाही, विहिरीचंच आहे. इतकं गार असतं ना!"

सगळ्यांनी पेले उचलले. शमिकांचा हात ट्रेपर्यंत गेला आणि तिथून मागं आला. "माझ्याकडे पाणी आहे," त्या म्हणाल्या. उगाचच म्हणाल्या असतील. मातीच्या माणसांना आपलं पाणी बरोबर ठेवायची सवय असते.

"मग तुमचा मी पिते," स्वानंदी हसून म्हणाली आणि तिनं पेला तोंडाला लावला.

परशुराम बघत राहिला. तिच्या गळ्याची हालचाल दिसत होती. एक घोट. आणखी एक. ज्या औषधानं झाडाची वाढ थांबते ते झाडावरच थांबतं असं तो आजवर समजत आला होता, म्हणजे खरं तर समजत नव्हता, विचारच करत नव्हता. विहिरीचा काठ त्याला दिसला, ऑगस्टचा पाऊस, काथ्यानं घासलेले डबे, आणि त्यांतून ओघळून कठड्याच्या फटीतून आत जाणारं पांढुरकं पाणी.

दुपारी चारही शास्त्रं खालच्या घरी जेवायला बसली. उमानं, परशुरामच्या बायकोनं, सकाळपासून खपून भात, कुळथाचं पिठलं, केळफुलाची भाजी केली होती. वाफाळता भात पानावर पडला. तो कोणत्या पाण्यात शिजलाय हे परशुराम सोडून कोणाच्याही मनात आलं नाही. स्वानंदी वाढत होती. उमा म्हणत होती, "अगं बस आता, पाय सुजतील. पाणी पी थोडं."

"नको!" परशुराम ओरडला.

सगळी पंगत थांबली.

"म्हणजे... विहिरीत साप मेलाय," तो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. "फुगून वर आलाय. मी मघाशी पाहिला. आजपासून विहिरीचं पाणी बंद."

"काहीतरीच काय!" उमा म्हणाली. "सकाळी पाणी काढलं तेव्हा नव्हता तो?"

"होता गो," विनोददादा पानावरून म्हणाला. त्याचा घास हातातच होता. "मीही पाहिला. धामण. चांगली मोठी. परशू म्हणतोय ते बरोबर आहे, ते पाणी कोणी प्यायचं नाही."

परशुरामनं मान वळवून भावाकडे पाहिलं.

साप नव्हता. साप परशुरामनं आत्ता, इथं, या पंगतीत बसून जन्माला घातला होता. त्याला अजून रंगसुद्धा दिला नव्हता. आणि विनोददादानं तो पाहिला होता.

विज्ञानाच्या मास्तरला पुढचं गणित घालायला वेळ लागला नाही. परशुरामनं रिकाम्या वर्षी झाडाकडून पीक ओरबाडलं. मग दमलेलं झाड पुढच्या वर्षी, विनोदच्या भरलेल्या वर्षी, कमी आलं असणार. मग विनोदही त्याच दुकानात गेला असणार. वर्षाआड घाला, दुकानदार म्हणाला असणार, मधल्या वर्षी झाड सावरतं. दोघा भावांनी अगदी सांगितल्याप्रमाणे, वर्षाआड, सावरायला मधलं वर्ष सोडून औषध घातलं होतं. फक्त याचं मधलं वर्ष ते त्याचं वर्ष होतं.

म्हणजे दरवर्षी. म्हणजे दुप्पट.

हात धुवायच्या निमित्तानं दोघं मागच्या परसात आले.

"कुठं धुतलेस डबे?" परशुरामनं विचारलं.

विनोद पंच्यानं हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी. "विहिरीवर. तू?"

"विहिरीवर."

"हरामखोरा," विनोद म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. "शपथ मोडलीस."

"तूही मोडलीस."

"तू आधी मोडलीस. तू मोडली नसतीस तर मला गरजच नव्हती." मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, आता बोलून कोणाचं भलं होणार आहे? पाणी बंद केलं ना. टँकर मागवू. झाडांना अळी आहे, बुरशी आहे, त्यांचं ते बघतील. मनूसमोर माझी मान खाली घालायला लावू नकोस, परशू. ती शेती शिकतेय रे."

"स्वानंदी गणपतीपासून पितेय."

"काही होत नाही. आपण नाही का प्यायलो इतकी वर्षं?"

"आपण पोटातलं पोर नाही, दादा."

"मग काय करणार आहेस? लेकीला जाऊन सांगणार आहेस? या महिन्यात? धसका घेईल ती. त्यानंच काही झालं तर?"

हे मात्र परशुरामला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं, आणि गेली काही वर्षं या दोन गोष्टींत तो फरक करत नव्हता. तो परसातच उभा राहिला. पुढच्या अंगणात जीपचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मातीच्या पिशव्या आत गेल्या. दार आपटलं. आता जीप जाईल. मग कोणी काही विचारणार नाही. मग ते मूल जन्माला येईल, आणि जसं येईल तसं येईल, आणि दर वाढदिवसाला तो त्याच्या उंचीकडे बघेल.

त्याच्या पायांनी ठरवलं असावं. तो अंगणात आला तेव्हा शमिका पुढच्या सीटवर चढत होत्या.

"मॅडम, विहिरीचं पाणी घेऊन जा," तो म्हणाला. "मोहोराच्या औषधासाठी तपासा. मातीही. मी घालतो. माझ्या वर्षी."

उमाच्या हातात रिकाम्या पेल्यांचा ट्रे होता. तिनं तो होता तिथंच जमिनीवर ठेवला. मनस्विनी म्हणाली, "काका?" एवढंच.

"वर्षाआड?" शमिकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, राग नव्हता. ते असतं तर बरं झालं असतं.

"माझ्याकडून वर्षाआड," परशुराम म्हणाला आणि थांबला. मागं पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

मागून छत्री टेकत टेकत आवाज आला. "मधल्या वर्षी मी," विनोद म्हणाला.

मनस्विनीनं वडिलांकडे पाहिलं. ऋत्विकनं लॅपटॉप उघडला, सपाट रेघेकडे नजर टाकली आणि पुन्हा मिटला. एखादं कोडं सुटल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. पण तो स्वानंदीकडे बघत होता, आणि स्वानंदी पायरीवर उभी होती, पोटावर हात ठेवून. कोणी तिला काही सांगायची गरज उरली नव्हती.

त्यानंतरचे दिवस परशुरामनं शास्त्रांच्या दारोदार घालवले.

पाण्यात औषध सापडलं. "थोडं आहे," शमिका फोनवर म्हणाल्या.

"थोडं म्हणजे बाळाला चालेल एवढं?"

"मातीत किती वर्षं राहील ते मी सांगू शकते, सर. शरीरात काय करेल ते माझ्या विषयात नाही."

रत्नागिरीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मला गर्भाचं कळतं. आंब्याच्या औषधाचं नाही. विषशास्त्रवाल्यांना विचारा." पुण्याचे विषशास्त्रवाले म्हणाले, "उंदरांचे प्रयोग आहेत. माणसांचे कोण करणार? रोज किती पोटात गेलं ते आधी कळायला हवं, आणि पावसाळ्यात विहिरीत ते किती होतं ते कळल्याशिवाय ते कसं कळणार? मृदावाल्यांना विचारा." ऋत्विक म्हणाला, "काका, एका माणसावरून संख्याशास्त्र काहीच सांगत नाही हो." हे त्यानं इतकं हळू सांगितलं की परशुरामला तो मुलगा आवडला आणि त्याची भीतीही वाटली.

जो तो आपल्या कुंपणापर्यंत प्रामाणिक होता. कुंपणांच्या मधे जी जागा होती तिथं स्वानंदी उभी होती.

शेवटी मनस्विनीनं सगळ्यांना एकाच फोनवर आणलं. ती वडिलांशी अजून बोलत नव्हती, परशुरामशीही कामापुरतंच बोलत होती. पण खालच्या घरी आली, टेबलावर मोबाइल ठेवला, स्पीकर लावला. परशुराम, उमा, विनोद आणि स्वानंदी भोवती बसले. पहिल्यांदा सगळे तज्ज्ञ एकमेकांना नमस्कार करत राहिले. मग डॉक्टरबाईंनी शमिकांना काहीतरी विचारलं. शमिकांनी पावसाचा आणि कातळाचा हिशेब सांगितला. त्यावरून ऋत्विकनं विहिरीत ऑगस्टमध्ये किती असेल, गणपतीत किती उतरलं असेल, याचा अंदाज बांधला. विषशास्त्रवाले "थांबा थांबा" म्हणाले आणि कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "कितव्या महिन्यात प्यायला सुरुवात झाली?" आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "अवयव तयार होऊन गेल्यावर. हे महत्त्वाचं आहे का?" "फार महत्त्वाचं आहे," विषशास्त्रवाले म्हणाले.

ज्याचं उत्तर एकालाही ठाऊक नव्हतं त्याचं उत्तर त्या टेबलावर हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी जमत गेलं. ते पूर्ण झालं तेव्हा असं होतं: धोका कमी आहे. शून्य नाही. वाढीवर लक्ष ठेवायचं, सोनोग्राफी जास्त वेळा करायची. हे पाणी पुन्हा प्यायचं नाही, त्यात शिजवायचं नाही.

"शून्य नाही म्हणजे?" परशुरामनं विचारलं.

"म्हणजे शून्य नाही, सर," ऋत्विक म्हणाला.

फोन बंद झाल्यावर स्वानंदीनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, त्या दिवशी साप नव्हता ना?"

"नव्हता."

"मी पेला तोंडाला लावला तेव्हा तुम्ही समोर होतात. जेवणापर्यंत बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"का?"

त्याच्याकडे कारणं होती. बाग, शपथ, गाव, दादा. त्यानं ती मनात एकापुढे एक मांडून पाहिली आणि एकही उचलून देता येईना.

दुसऱ्या दिवशी वेद, तिचा नवरा, संगमेश्वरहून गाडी घेऊन आला. पहिलं बाळंतपण सासरी, हे गावात कोणी ऐकलं नव्हतं. आता ऐकणार होतं. वेदनं कोणाला काही विचारलं नाही, सासऱ्याला वाकून नमस्कारही केला, आणि बॅगा उचलल्या. उमानं स्वतःची पिशवीही भरली होती. "मी तिथंच राहीन, मोकळी होईपर्यंत," ती परशुरामला म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." गाडीत बसताना स्वानंदीनं काच खाली केली. परशुराम पुढं झाला. तिला काही बोलायचं असावं. मग तिनं काच वर केली, धूळ येते म्हणून.

आता रोज संध्याकाळी संगमेश्वरहून उमाचा फोन येतो. परशुराम तो लगेच उचलत नाही. दोन क्षण हात मागं राहतो. उचलल्यावर ती काय बोलते ते त्याला आधी ऐकू येत नाही, आधी तो आवाज तपासतो. कापतोय का, बसलाय का, रडून आलाय का. मग शब्द कळायला लागतात.

"जेवलात का?" आज उमानं विचारलं.

"जेवलो. सोनोग्राफी होती ना आज?"

"हो. वाढ ठीक आहे म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणाल्या हो. मी काय डॉक्टर आहे?"

"ती आहे का तिथं?"

पलीकडे उमानं फोनवर हात ठेवल्यासारखं वाटलं. दबका आवाज आला, एक बाई दुसरीला काही विचारत असल्याचा. परशुराम कानाशी फोन घट्ट धरून उभा राहिला.

"आडवी पडलीय जरा," उमा म्हणाली. "उद्या बघू."